छप्पर कुठून सुटलं?

रेवदंड्यात छपराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "तो कागदासारखा पत्रा आणि त्याखाली त्या वाकवलेल्या पट्ट्या! निसर्ग वादळात काय झालं ते बघितलं ना?" बोलणारा इथेच थांबतो आणि ऐकणारे माना डोलावतात. ३ जून २०२० सगळ्यांनीच बघितलेला आहे. त्या दुपारी चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, आणि संध्याकाळी चौल-रेवदंड्याच्या वाड्यांत माड-पोफळी आडव्या होत्या, विजेचे खांब रस्त्यावर होते, आणि एकाचं छप्पर दुसऱ्याच्या वाडीत जाऊन पडलं होतं. पुरावा इतका डोळ्यांसमोरचा की निकालाला वेळ लागलाच नाही. पातळ होतं म्हणून उडालं. जड असतं तर राहिलं असतं.

हा निकाल तेव्हापासून या किनाऱ्यावर लोकांच्या खिशाला भोक पाडतो आहे. कुणी पडवीला पुलाला शोभतील असे चॅनेल घालतो, कुणी कर्ज काढून स्लॅब टाकतो, आणि ज्याला यातलं काहीच परवडत नाही तो पत्र्यावर वाळूची पोती आणि जुने टायर ठेवून दर जूनला आभाळाकडे बघत बसतो. तिघांचाही भरवसा एकाच गोष्टीवर आहे: वजनावर. माझं म्हणणं असं की हा भरवसाच चुकीचा आहे, आणि तो चुकीचा ठरतो कारण निकाल लागला तरी तपास झालेला नाही.

वादळानंतर पंचनामे झाले. घर अंशतः पडलं की पूर्णतः पडलं, हे लिहिलं गेलं. मदत वाटायला तेवढं पुरतं. पण पुढचं छप्पर बांधायचं असेल तर वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: छप्पर कुठून सुटलं?

कारण छप्पर "उडतं" म्हणजे कुठेतरी काहीतरी हात सोडतं. ते साधारण तीनच ठिकाणी होतं. पहिलं, पत्रा खालच्या आडव्या पट्टीवरून, म्हणजे पर्लिनवरून सुटतो. पर्लिन जागेवर, त्यावर स्क्रूही जागेवर, आणि पत्र्याला मात्र स्क्रूच्या डोक्याएवढी फाटलेली भोकं. दुसरं, पत्र्यासकट पर्लिन जाते. कैचीवर उरतो तो वेल्डिंगचा तुटका ठिपका किंवा वाकलेली क्लीट. तिसरं, पत्रा, पर्लिन, कैची सगळं एकसंध उचललं जातं आणि भिंतीच्या माथ्यावर उरतात दोन-चार बोल्टांची भोकं. चौथा प्रकार, म्हणजे पर्लिन मधोमध काडीसारखी मोडली आणि त्यामुळे छप्पर गेलं, हा नाक्यावरच्या बोलण्यात सगळ्यात जास्त असतो आणि आपल्याकडच्या घरांत, पडव्यांत, गोदामांत सगळ्यात कमी. साध्या भाषेत सांगायचं तर, जोड आधी हरतो. पर्लिनला आपली ताकद दाखवायची पाळीच येत नाही, आणि नाव मात्र तिचं खराब होतं.

जिच्यावर आरोप आहे तिची ओळख करून देतो. कौलारू घरात जे काम वासे आणि रिपा करतात, तेच पत्र्याच्या छपरात पर्लिन करते. कैच्यांवर आडवी टाकायची, तिच्यावर पत्रा बसवायचा. भिंतीला पत्रा लावायचा असेल तर तशीच पट्टी खांबांना आडवी लागते. तिला गर्ट म्हणतात. पूर्वी यासाठी सागाचे किंवा जंगली लाकडाचे वासे होते, मग लोखंडी अँगल आणि चॅनेल आले, आणि आता झेड किंवा सी आकारात वाकवलेली पोलादी पट्टी आली. पोलादाची गुंडाळी उलगडायची, हव्या त्या रुंदीत कापायची, आणि अजिबात न तापवता, एकामागून एक रुळांतून नेत तिच्या कडा दुमडायच्या. गुंडाळीसाठी लांब जायला नको. पेण तालुक्यातल्या डोलवीच्या कारखान्यात अशा गुंडाळ्या बनतात. खाडीपलीकडे साळावला स्पंज आयर्नचा कारखाना दिसतो. पोलादाच्या इतक्या शेजारी राहून आपण पोलादाबद्दल इतके अडाणी राहिलो, ही गंमतच म्हणायची.

आता हिशोब. छपराच्या वादात हिशोब कुणी करत नाही, म्हणून वाद मिटत नाही.

निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत १३० पर्यंत गेले, असं हवामान खात्याने सांगितलं. १३० म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. या आकड्याचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो: सुमारे ७८०, म्हणजे ८० किलोचा भार. पण हा भार छपराला खाली दाबत नाही. वारा छपराच्या उतारावरून सरकताना त्याला वर ओढतो. त्यात आपली पडवी समुद्राकडे उघडी, किंवा गोदामाचं शटर अर्धवट वर. मग आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. वरची ओढ आणि खालचा रेटा मिळून त्या ८० किलोचे सहज सव्वाशे होतात. कडेला आणि कोपऱ्यांत त्याहून पुष्कळ जास्त.

आणि छपराचं स्वतःचं वजन? अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आणि खालच्या पर्लिन मिळून चौरस मीटरला जेमतेम १० किलो. सहा मीटर बाय दहा मीटरचं साधं छप्पर धरा. ६० चौरस मीटर. वजन वजा जाता सात टनांच्या आसपास ओढ वरच्या दिशेने लागते. पन्नास किलोचं एक पोतं, या हिशोबाने वाळूची १४० पोती लागतील. एवढी पोती त्या छपरावर ठेवली तर वादळ येईपर्यंत वाट बघायला नको. छप्पर आदल्या रात्रीच घरात येईल. आणि दहा-बारा पोती ठेवली तर ती वाऱ्याच्या दृष्टीने नसल्यात जमा. उलट पत्र्याबरोबर तीही खाली येणार, आणि खाली माणसं असतात.

पर्लिन जाड करून हा हिशोब बदलत नाही. दुप्पट वजनाचा चॅनेल घाला. छपराचं वजन दहाचं पंधरा होईल, सव्वाशेच्या ओढीपुढे पाच किलोची मिजास. थेरोंड्याच्या एखाद्या तांडेलाला विचारा, वादळाची खबर आली की होडीत दगड भरता का? तो हसेल. होडी वर ओढून घेतात, नाहीतर नांगर टाकून दोर तपासतात. दोर कुठे झिजला, गाठ कुठे ढिली झाली ते बघतात. होडी किनाऱ्याला राहते ती दोराने, हे ज्या गावात लहान पोराला कळतं, त्याच गावात छप्पर मात्र वजनाने राहील असं मोठी माणसं मानतात.

इथे कौलांचा मुद्दा येतोच. "आपलं पारंपरिक कौलारू घर बघा, ते राहिलं." या वाक्यातल्या दोन्ही भागांना उत्तर द्यायला हवं.

परंपरा आधी. नालीदार पत्र्याचं पेटंट लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरने १८२९ मध्ये घेतलं. ज्या चपट्या मंगलोरी कौलांना आपण आजोबांची ठेव समजतो, ती बेसल मिशनच्या लोकांनी मंगळुरात बनवायला सुरुवात केली ती १८६० च्या दशकात. म्हणजे वयाने पत्राच थोरला. त्याआधी आपल्याकडे नळीची कौलं होती, गवत होतं, माडाची झापं होती, आणि ती दरवर्षी शाकारावी लागत. परंपरा म्हणायची तर दरवर्षी छपरावर चढून बघण्याची, हीच आपली खरी परंपरा. ती आपण कौलांबरोबर सोडून दिली.

आता "राहिलं" हा भाग. काही कौलारू घरं राहिली, हे खरं. ती वजनामुळे राहिली का? कौलं, रिपा, वासे धरून चौरस मीटरला पन्नास-साठ किलो होतात. वरचा सव्वाशेचा आकडा आठवा. वजनाच्या जोरावर कौलारू छप्परही जायला हवं होतं. ते तगलं ते फटींमुळे. कौलांच्या सांध्यांतून हवा आरपार जाते, आतला आणि बाहेरचा दाब बराच सारखा होतो, आणि ओढ कमी लागते. जिथे ओढ जास्त लागली तिथे, म्हणजे पागोळीला आणि आढ्याला, कौलं उडालीच. ज्या फटीला आपण पावसाळ्यात शिव्या देतो तिने घर वाचवलं, आणि श्रेय घेतलं वजनाने.

जुनं ते टिकाऊ असं म्हणणाऱ्यांनी एकदा गावातल्या कोटात फेरी मारावी. पोर्तुगीजांनी इथे देवळं बांधली, मठ बांधले, सातखणी मनोरा बांधला. भिंती अजून उभ्या आहेत, कमानी उभ्या आहेत, नारळीच्या वाड्यांमधून अचानक एखादी दगडी चौकट समोर येते. छप्पर मात्र एकावरही नाही. ती वाऱ्यानेच गेली असं मी म्हणणार नाही. माणसं गेली की छपराची काळजी घेणारं कुणी राहत नाही, आणि मग ते जातं. पण दगडाच्या वजनाने भिंत टिकते, छप्पर टिकायला माणूस लागतो, हे त्या अवशेषांइतकं स्पष्ट कुठे वाचायला मिळणार नाही.

स्लॅबचं मात्र मान्य करतो. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातो. निसर्गसारख्या वादळाला तो उचलता येत नाही. ज्याला परवडतो त्याने खुशाल घालावा. पण पुढे काय होतं ते आपल्या आसपासच दिसतं. खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, फुगते, स्लॅबचा खालचा थर पोपडे धरून सुटतो, गळती लागते. मग गळती थांबवायला मालक त्याच स्लॅबवर पत्र्याची शेड उभी करतो. चारही बाजूंनी उघडी, गावातल्या सगळ्यात उंच जागी, चार बॉक्स पाइपांवर. वाऱ्याने जागा निवडायची म्हटलं असतं तर त्याने दुसरी निवडली नसती. म्हणजे पत्र्याला घाबरून स्लॅब घातला आणि स्लॅबला कंटाळून पत्रा आणला. पत्र्यापासून सुटका नाही. मग तो नीट बांधायला शिकणं आलं.

"पण दोन मिलिमीटरची पट्टी ती काय?" या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण सगळ्या गैरसमजाचं मूळ तिथे आहे. पोस्टकार्ड दोन पुस्तकांवर आडवं ठेवा, त्यावर पेन ठेवा. ते खाली वाकतं. त्याच पोस्टकार्डाच्या दोन्ही कडा दुमडून पन्हाळीसारखं करा आणि पुन्हा ठेवा. पेन काय, कंपासपेटी पेलतं. वजन तेवढंच, कागद तोच, बदलली ती घडी. लोखंड मधोमध कमी आणि वर-खाली लांब ठेवलं की वाकण्याला जास्त विरोध करतं. शंभर मिलिमीटर उंचीचा, गरम करून लाटलेला चॅनेल मीटरला नऊ किलोंहून जास्त भरतो. दोनशे मिलिमीटर उंचीची, दोन मिलिमीटर जाडीची झेड पर्लिन मीटरला सुमारे पावणेसहा किलो भरते, आणि वाकण्याच्या बाबतीत ती त्या चॅनेलच्या दुपटीहून जास्त ताठ असते. शिवाय झेड एकात एक बसतात, पत्रावळीच्या द्रोणांसारख्या. कैचीवर, जिथे ताण सगळ्यात जास्त असतो, तिथे दोन पर्लिनांची टोकं एकमेकींवर चढवून बोल्ट मारले की नेमक्या गरजेच्या जागी जाडी दुप्पट होते. यात जादू नाही आणि ढिलाईही नाही. कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर १९३९ पासून अशा पातळ पट्ट्या मोडून बघत होते. त्यांच्या कामावर अमेरिकेतली पहिली नियमावली १९४६ मध्ये निघाली. आपला भारतीय मानक, आयएस ८०१, १९७५ चा आहे.

पातळ पट्टीला तिचा हट्ट असतो, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मीही विक्रेत्यासारखाच बोलतो आहे असं वाटेल. ती ताठ असते, पण कुशीवर वळायला बघते. छपरावर माणूस चढला किंवा पाऊस कोसळला की पर्लिनची वरची कड दाबली जाते. ती कड पत्र्याला स्क्रूने जखडलेली असते, म्हणून ती कुठे वळू शकत नाही. पण वादळात सगळं उलटं होतं. छप्पर वर ओढलं जातं आणि दाब येतो तो खालच्या कडेवर. तिथे पत्रा नाही, काहीच नाही. ती कड मोकळी असेल तर पर्लिन पिळवटते. यासाठी दोन कैच्यांच्या मध्ये पर्लिन एकमेकींना बांधणाऱ्या सळया किंवा पट्ट्या घालतात; त्यांना सॅग रॉड म्हणतात, आणि खालच्या कडेलाही धरील असं काहीतरी द्यावं लागतं. आपल्याकडच्या किती शेडमध्ये या सळया आहेत? मान वर करून बघा. फॅब्रिकेटर म्हणतो, "त्याने काय होतंय, वजन तर पर्लिन घेतेच आहे." तो पावसाचा हिशोब सांगतो. वाऱ्याचा हिशोब त्याने केलेला नसतो. ही चूक पट्टीच्या पातळपणाची नाही. पट्टीला जे हवं होतं ते दिलं नाही, याची आहे. आणि लक्षात घ्या, इथेही प्रश्न पुन्हा बांधण्याचाच आला.

ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतं त्यांच्यासाठी डार्विनचं उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरचं हे शहर १९७४ च्या नाताळच्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळाने जवळजवळ भुईसपाट केलं. विमानतळावरच्या यंत्राने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि मग यंत्रच मोडलं. घरांवर बहुतेक नालीदार पत्रे होते, आणि ते उडाले. तिथेही "पत्रा नको" म्हणता आलं असतं. पण तिथल्या इंजिनिअरांनी पडलेले पत्रे उचलले आणि भोकं तपासली. स्क्रूच्या डोक्याभोवती बारीक तडे होते. वारा एकदाच जोरात ओढत नाही. तो तासन्‌तास पत्रा वर-खाली हलवतो. तार हाताने पुढेमागे वाकवली की तुटते, तसा पत्रा स्क्रूभोवती थकून फाटला होता. जो स्क्रू एका ओढीला पुरेसा होता तो हजार ओढींना पुरला नाही.

त्यातून निघालेले उपाय फार साधे आहेत. स्क्रूखाली रुंद, पत्र्याच्या आकारात बसणारी चकती. कडेला आणि कोपऱ्यांत स्क्रू दाट. पत्र्यापासून पर्लिन, पर्लिनपासून कैची, कैचीपासून पाया, अशी अखंड साखळी, मधे एकही कडी कच्ची नको. आणि पत्रे विकण्याआधी त्यांना हजारो वेळा हलवून बघायची चाचणी. त्यासाठी टाऊन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात १९७७ मध्ये खास केंद्र उघडलं. डार्विन पुन्हा उभं राहिलं आणि त्याच्या घरांवर आजही पत्रेच आहेत. बदलली ती पकड.

आपल्या छपरावर हाच हिशोब मांडून बघा. दोन पर्लिनमध्ये १.४ मीटर अंतर आणि दर ३० सेंटिमीटरला एक स्क्रू असेल, तर निसर्गच्या झोतात एकेका स्क्रूवर पन्नासेक किलो येतात. कामगाराने उन्हात कंटाळून एक सोडून एक स्क्रू मारला, तर शंभर. तोच स्क्रू कोपऱ्यात असेल तर दोनशेच्या घरात. आणि स्क्रूची पकड तो ज्या लोखंडात रुतला आहे त्याच्या जाडीच्या प्रमाणात असते. दोन मिलिमीटरच्या झेडमध्ये जी पकड मिळते ती बाजारातल्या सव्वा मिलिमीटरच्या बॉक्स पाइपमध्ये मिळत नाही. गंमत अशी की ज्यांना झेड "कागदी" वाटते तेच लोक भरीव दिसतो म्हणून हा बॉक्स पाइप घेतात. आतून तो पोकळ आहे आणि गंजतो तोही आतूनच, म्हणजे कुणाला दिसणार नाही अशा बाजूने.

गंज. हा विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि इथे मी त्यांच्या बाजूने बरंच अंतर चालून जाणार आहे. चांगल्या पर्लिनवर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं. ऐकायला भरपूर, पण जाडीत बघितलं तर एका बाजूला २० मायक्रॉनही नाही. लाटेचे तुषार पोचतात अशा कडक समुद्री हवेत जस्त वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजतं. म्हणजे उघडं राहिलं तर अडीच ते पाच वर्षांत संपलं. "चाळीस वर्षं काही होत नाही" असं सांगणारा विक्रेता किनाऱ्यावर उभा राहून डोंबिवलीचा हिशोब सांगत असतो. जस्त संपल्यावर पातळ पट्टीजवळ गमावायला फारसं काही उरत नाही, हे कबूल. किनाऱ्याच्या पहिल्या रांगेतल्या घराला जस्तावर रंगाचा चांगला थर हवाच, आणि पत्रा साध्या जीआयपेक्षा ॲल्युमिनियम-जस्ताच्या मुलाम्याचा, वरून रंगवलेला घ्यावा.

पण इथेही विचारा, गंज कुठून सुरू झाला? जिथे वेल्डिंगने जस्त जाळलं, तिथून. झेड पर्लिनला कारखान्यातूनच बोल्टची भोकं पाडून मिळतात. तिला वेल्डिंगची गरज नसते. तरी आपल्याकडे जागेवर मशीन आणून तिला कैचीवर चिकटवतात, कारण हात तसे बसलेले आहेत. मग जळलेल्या जागी रेड ऑक्साइडचा एक फराटा मारतात आणि दोन पावसाळ्यांत तिथे तांबडं ओघळतं. गंज सुरू होतो स्वस्तातल्या स्क्रूपासून, ज्याचं डोकं पत्र्याआधी मरतं. सुरू होतो भोक पाडताना उडालेल्या लोखंडी चुऱ्यापासून, जो कुणी झाडून काढत नाही. आणि सुरू होतो वळचणीच्या आतल्या बाजूला, जिथे पावसाचं पाणी पोचत नाही. वरून पत्रा पाऊस धुऊन काढतो. आत मीठ बसतं ते बसूनच राहतं. दिवाळीच्या साफसफाईत घराच्या भिंती पुसणाऱ्यांनी पाइप लावून वळचण आतून धुतली, तर पर्लिनचं आयुष्य वाढेल. तेव्हा गंजाला उत्तर नुसती जाडी नाही. जाड चॅनेल गंजत नाही असं नाही. तो सावकाश मरतो, आणि तोवर त्याचे जोड आधीच मेलेले असतात.

मग सगळे जाडीच्याच मागे का? एक कारण असं की शेडचं काम पुष्कळ ठिकाणी किलोच्या भावाने होतं. फॅब्रिकेटर वजन विकतो. त्याने हलकी पर्लिन सुचवली तर त्याचंच बिल कमी होतं. गिऱ्हाइकाला वजन हाताला लागतं, म्हणून त्यालाही बरं वाटतं. स्क्रू, चकत्या, सॅग रॉड, क्लीट यांना किलोत काहीच किंमत नाही, म्हणून ती कोटेशनमध्ये "इत्यादी" या शब्दात मावतात. वादळ नेमकं त्या "इत्यादी"लाच धरतं. दोघांचंही भलं करणारा आणि घराचं न करणारा असा हा व्यवहार आहे, आणि त्याला आपण अनुभव म्हणतो.

सरकारी कागदही निर्दोष नाहीत. वाऱ्याच्या भाराचा आपला मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, २०१५ मध्ये सुधारला गेला. त्यात चक्रीवादळाच्या पट्ट्यातल्या महत्त्वाच्या इमारतींसाठी वेग वाढवून धरायला सांगितलं आहे: किनाऱ्यापासून ६० किलोमीटरपर्यंत, पूर्व किनारा आणि गुजरात. कोकणाचं नाव त्यात नाही. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये फयान अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर आलं होतं. २०२० ला निसर्ग आलं. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते समोरून गेलं. शाळा, दवाखाने, निवारे यांच्यासाठी तरी हा किनारा त्या यादीत यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण या तक्रारीची ढाल करून मला स्वतःचीच बाजू सोपी करायची नाही, कारण आकडे तसं करू देत नाहीत. त्याच मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे आणि पणजीसाठी ३९. रेवदंडा या दोघांच्या मध्ये. यातला लहान आकडा धरला तरी तो ताशी १४० किलोमीटर होतो. निसर्गचा झोत होता १३०. म्हणजे कोकणाला यादीत घेतलेलं नसतानाही, साध्या नियमाने बांधलेलं छप्पर त्या दुपारी राहायला हवं होतं. गेलेल्या बहुतेक छपरांचा कुणी, कुठल्याच आकड्याने, हिशोब केलेला नव्हता. निसर्गने पर्लिनची परीक्षा घेतली, असं म्हणतात; पेपर कुणी लिहिलाच नव्हता.

तेव्हा नाक्यावरच्या मंडळींना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी शेडचं कोटेशन आणून दाखवलं, तर किलो आणि चौरस फूट वाचून झाल्यावर तीन गोष्टी शोधा. वारा किती धरला आहे? कडेला स्क्रू किती अंतरावर आहेत? पर्लिन बोल्टने बसणार की वेल्डिंगने? उत्तरं नसतील तर कोटेशन परत द्या, मग त्यातलं लोखंड कितीही जाड असो. ज्यांचं छप्पर आधीच उभं आहे त्यांनी मेच्या अखेरीस शिडी लावावी. पागोळीची ओळ धरून जावं, एकेक स्क्रू पान्याने दाबून बघावा, रबर तडकलेली चकती बदलावी, जिथे स्क्रू नुसताच फिरतो तिथे शेजारी नवा मारावा. सकाळी सुरू केलं तर जेवणाच्या वेळेपर्यंत एका घराचं काम होतं.

पत्र्यावरची पोती मात्र त्या दिवशी खाली काढून ठेवा. ती छपराला धरून ठेवत नव्हती. इतकी वर्षं ती आपल्याला शिडीपासून लांब ठेवत होती.